घरांच्या पायाखाली सापडलेले नगर
(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाने या वेळी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने सुचवले आणि विषयही आमच्यावर सोपवला. धम्मावर आणि बाबासाहेबांच्या विचारांवर बोलणारी आमच्यापेक्षा अधिकारी माणसे याच व्यासपीठावर बसली आहेत. आम्ही आज मातीवर बोलणार आहोत. सध्या आपल्या वस्तीत दोन माणसे भेटली की दुसरा विषय निघत नाही. पुनर्विकास. किती फूट मिळणार, भाडे किती महिने देणार, कागद कुणी वाचला. या सगळ्या धांदलीत काहींनी असेही विचारले की पाया खणताना खाली काही जुने निघाले तर काम बंद पडेल काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका शहरात नेमके असेच घडले आणि तिथल्या घरमालकांनी त्यावर जे केले त्याची बातमी त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेली. ती हकिगत सांगावी म्हणतो. शहर आहे सोल, दक्षिण कोरियाची राजधानी.

सोलच्या मधून हान नावाची मोठी नदी वाहते. नदीच्या दक्षिण काठावर पुंगनाप नावाचा भाग आहे. तिथे बाजार आहे, शाळा आहेत, मोठे इस्पितळ आहे, बैठी घरे आहेत आणि मधून मधून उंच इमारतीही आहेत. यातल्या मोठ्या भागाला वेढून मातीचा एक लांबलचक कोट गेला आहे. मुळात त्याचा घेर साडेतीन किलोमीटरचा. आज त्यातला थोडा भाग नाहीसा झाला आहे, उरलेला गवताने झाकलेला आहे आणि लोक त्याच्या कडेने फिरायला जातात. लांबून पाहिले तर आपल्याकडच्या मातीच्या धरणाची भिंत वाटावी.

१९२५ साली हान नदीला महापूर आला. पुराने पश्चिमेकडचा कोट वाहून नेला आणि मातीतून एक मोठे मडके उघडे पडले. त्यात लांब दांड्याची, तीन पायांची काशाची दोन भांडी होती. अशी भांडी साध्या घरात असत नाहीत. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. एका जपानी अभ्यासकाने म्हटले की बेकजे नावाच्या जुन्या राज्याची पहिली राजधानी ती हीच असावी. पण १९३९ साली ली ब्योंग-दो या नामांकित कोरियन इतिहासकारांनी सांगितले की नाही, हा राजधानीचा कोट नव्हे, जुन्या बखरीत ज्याचे नाव येते तो हा एक दुय्यम किल्ला. मोठ्या माणसाचा शब्द. तो पुढे पन्नास-साठ वर्षे चालला.

१९६३ साली सरकारने कोटाला राष्ट्रीय स्मारक केले. आता इथे लक्ष द्या. स्मारक केले ते फक्त कोटाच्या भिंतीला, आतल्या जमिनीला नाही. म्हणजे कुंपण राखले आणि घर मोकळे सोडले. पुढच्याच वर्षी किम वॉन-योंग या पुरातत्त्वज्ञांनी आत चाचणीचे खड्डे घेतले, त्यांना जुन्या वस्तीची खापरे मिळाली, हे नुसते लष्करी ठाणे नाही असे त्यांनी लिहिलेसुद्धा. कुणी फारसे मनावर घेतले नाही. शहर वाढत होते. कोटाच्या आत घरांवर घरे झाली.

१९८८ साली सोलमध्ये ऑलिंपिक भरले. आपल्यातल्या पुष्कळांनी ते दूरदर्शनवर पाहिले असेल. त्या निमित्ताने पुंगनापपासून जवळच मोंगचोन नावाच्या दुसऱ्या मातीच्या कोटाभोवती भव्य उद्यान झाले. तिथे उत्खनन झाले, चांगल्या वस्तू मिळाल्या आणि हीच बेकजेची राजधानी असे बहुतेकांनी ठरवून टाकले. तिथे हिरवळ झाली, संग्रहालय झाले. पुंगनापमध्ये लोक भाजी विकत होते, मुले वाढवत होते आणि जुन्या घरांच्या जागी अपार्टमेंट बांधायची स्वप्ने पाहत होते. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की तुम्ही राजधानीवर झोपता.

१९९७ च्या जानेवारीत, नववर्षाच्या सुटीत, सन्मून विद्यापीठाचे प्राध्यापक ली ह्युंग-गू आपले विद्यार्थी घेऊन कोटाची मापे घेत होते. कोटाच्या आत एका अपार्टमेंटच्या पायाचा खड्डा खणला जात होता. ते कुंपणाआड शिरले. पाहतात तो जमिनीखाली चार मीटरच्या सुमारास, खड्ड्याच्या उभ्या भिंतीत, बेकजे काळाची खापरे एकावर एक बसलेली. यंत्रांनी खणलेल्या मातीबरोबर किती गेली असतील त्याचा हिशेब नाही.

बरे, चार मीटर खोल का? हे समजून घेण्यासारखे आहे. नदीकाठची जागा. दीड हजार वर्षांत पुरामागून पूर आले आणि प्रत्येक पुराने गाळाचा थर टाकला. त्यावर अलीकडच्या काळात भर घातली गेली. त्यामुळे जुनी वस्ती खाली दबली आणि दबली म्हणूनच टिकली. शेतकऱ्याच्या नांगराला ती लागली नाही. नळाची चारी खणली तरी लागली नाही. बैठ्या घराचा पाया हात-दोन हात खोल, त्यालाही लागली नाही. बहुमजली इमारत आली, तिचा खोल पाया आणि तळघर आले, तेव्हा कुठे माणूस त्या थरापर्यंत पोचला. आपल्या गावाकडे वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात आणि शेताला काळी. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण-माती साचून पांढर उंचावते. गावाजवळच्या अशा टेकाडावर पाऊस पडला की खापरे वर येतात, म्हणून आपल्याकडे जुनी वस्ती पुष्कळदा डोळ्यांना दिसते. पुंगनापमध्ये उलटे झाले. तिथली पांढर नदीने झाकून ठेवली.

प्राध्यापकांनी सरकारी खात्याला कळवले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. राष्ट्रीय संशोधन संस्थेने तातडीचे उत्खनन केले. काय निघाले? एकाबाहेर एक असे तीन खंदक निघाले, आणि तेही मोठा कोट बांधण्याच्या आधीचे. म्हणजे आधी वस्ती होती, तिला खंदकाचे संरक्षण होते आणि मग कोट आला. जमिनीत थोडी खोल घेतलेली घरे निघाली. त्यातली मोठी घरे सहा कोनांची. काही घरे जळालेली होती, म्हणून त्यांच्या खांबांचा कोळसा जागच्या जागी उभा राहिला होता. चुली निघाल्या, रांजण निघाले, जाळ्याला बांधायची मातीची वजने निघाली, आणि कौले निघाली. कौलांना फार महत्त्व, कारण त्या काळी कौल साध्या माणसाच्या घरावर चढत नसे. कौल सापडले की तिथे सरकारी इमारत किंवा देवस्थान असणार असे समजावे.

ही वस्ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातली. बेकजेची स्थापना इसवी सनापूर्वी १८ या वर्षी झाली असे त्यांची जुनी बखर सांगते. पुंगनापने ती तारीख सिद्ध केली असे काही जण अभिमानाने म्हणतात. आम्हाला तसे म्हणणे घाईचे वाटते. कोटाच्या वयाबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण तिसऱ्या-चौथ्या शतकात इथे एक जोरकस राज्य आणि भरलेले नगर होते याबद्दल आता कुणी वाद घालत नाही, आणि तेवढे पुष्कळ झाले.

उत्खनन झाले, नोंदी झाल्या आणि त्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. हो, उभी राहिली. तेव्हाचा रिवाजच तसा होता. आधी खणा, वस्तू उचला, मग बांधा.

१९९९ साली पूर्वेकडचा कोट आडवा कापून पाहिला. पायथ्याशी रुंदी सुमारे ४३ मीटर आणि उंची सुमारे ११ मीटर निघाली. म्हणजे आपली तीन मजली चाळ त्याच्या आडोशाला पूर्ण झाकून जाईल. हा डोंगर नुसती माती ओतून झाला नव्हता. मधे आधी एक गाभा केला, मग त्याच्या दोन्ही अंगांना उतरते थर चढवत नेले. वाळूमिश्रित माती, चिकणमाती, आलटून पालटून, आणि प्रत्येक थर धुमसाने चोपल्यासारखा घट्ट. आतल्या बाजूला काळ्या चिखलाच्या थरांमधून झाडांची पाने आणि बारीक फांद्या पसरलेल्या होत्या. पाने-फांद्यांमुळे माती धरून राहते आणि पाणी निचरून जाते. हीच रीत पुढे जपानमध्ये तलावांच्या आणि तटांच्या बांधात दिसते. कोरियातून गेलेल्या कारागिरांनी ती तिकडे नेली असे अभ्यासक मानतात.

आमच्या मनात सारखा एकच विचार येतो. ही माती वाहिली कुणी? टोपल्या किती लागल्या असतील, किती हिवाळे गेले असतील. त्यांची नावे कुठेच नाहीत. मात्र त्यांच्या हालाची एक नोंद आहे, आणि ती अशा गोष्टीतून आली आहे की विहारात बसून सांगताना थोडा संकोच वाटतो. तरी सांगतो.

सामगुक सागी नावाचा त्यांचा जुना इतिहासग्रंथ आहे, ११४५ साली संपादलेला. त्यात बेकजेच्या गेरो राजाची हकिगत येते. उत्तरेच्या गोगुर्यो राज्याला बेकजे जिंकायचे होते. तिथल्या जांगसू राजाने दोरिम नावाच्या एका भिक्खूला हेर म्हणून पाठवले. गेरो राजाला सोंगट्यांच्या पटाचा फार नाद. दोरिम त्या खेळात तरबेज. मी उत्तरेतून गुन्हा करून पळून आलो आहे, अशी बतावणी त्याने केली. खेळता खेळता त्याने राजाचा विश्वास मिळवला आणि मग हळूच कानाशी लागला: महाराज, तुमचे राज्य एवढे थोर, मग कोट असा मोडका का, महाल असा साधा का? राजा भुलला. सगळी रयत कामाला लावली. कोट बांधले, महाल उभारले, नदीकाठी बांध घातला. कोठारे रिकामी झाली, लोक अन्नाला महाग झाले. दोरिम परत पळाला आणि त्याने जांगसूला सांगितले, आता चाल करा. इसवी सन ४७५ साली तीस हजार फौज आली. उत्तरेचे नगर सात दिवसांत पडले, मग दक्षिणेचे. गेरो राजा पकडला गेला आणि मारला गेला. उरलेले दरबारी दक्षिणेला पळाले आणि त्यांनी दुसरीकडे राजधानी केली. पुंगनापचे नगर तिथेच संपले आणि नदी त्यावर गाळ घालू लागली.

गोष्टीतला पटाचा खेळ खरा की बखरकाराने रंगवला, ते बाजूला ठेवू. पुंगनापच्या कोटाचा गाभा गेरोच्या आधीचा आहे, हेही लक्षात असू द्या. पण रयत वेठीला धरून राजा मातीचे डोंगर उभारतो आणि त्यात राज्य पोखरून निघते, हे बखरकाराने लिहून ठेवले. वेठीचा अर्थ आपल्या आजोबा-पणजोबांना समजावून सांगावा लागला नसता. आणि चीवर अंगावर आहे म्हणून माणूस भिक्खू होत नाही, हे तर भन्तेजी आपल्याला नेहमीच सांगतात.

याच नगराशी दुसऱ्या एका भिक्खूचे नाव जोडलेले आहे आणि ते आपण आनंदाने घ्यावे. मारानंद. कोरियन भाषेत मारानान्ता. सन ३८४ मध्ये, छिमन्यू राजाच्या पहिल्याच वर्षी, ते चीनमधून समुद्रमार्गे बेकजेला आले. बखर त्यांना परदेशी भिक्खू म्हणते. परंपरा त्यांना मूळचे भारतातले मानते. राजाने त्यांना सन्मानाने महालात नेले. दुसऱ्याच वर्षी, ३८५ साली, राजधानीच्या परिसरात विहार बांधला आणि दहा जणांना प्रव्रज्या दिली. बेकजेत धम्माची सुरुवात ती ही. पुढे सहाव्या शतकात बेकजेच्याच राजाने जपानच्या दरबाराला बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ पाठवले, तेव्हा जपानमध्ये धम्म रीतसर पोचला. म्हणजे ज्या घरांच्या पायाखाली खापरे निघाली तिथून धम्माचा एक रस्ता गेला आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर तुकसोम नावाच्या जागी १९५९ साली सोन्याचा मुलामा दिलेली काशाची एक बुद्धमूर्ती सापडली. उंची जेमतेम पाच सेंटिमीटर. बोटाएवढी मूर्ती, पाचव्या शतकाच्या सुमाराची. प्रवासात कुणी जवळ बाळगली असेल. आपल्याकडे अजिंठ्याला वाकाटक हरिषेणाच्या काळात लेणी कोरली जात होती त्याच शतकाच्या सुमाराची ही गोष्ट आहे, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पुंगनापमध्ये क्योंगदांग नावाची जुन्या जोडघरांची एक वसाहत होती. तिथल्या घरमालकांनी मिळून पुनर्बांधणीसाठी संघ केला. आपण सोसायटी करतो तसाच. जुनी घरे पाडली आणि लोक दुसरीकडे भाड्याने राहायला गेले. १९९७ च्या अनुभवामुळे आता आधी उत्खनन करणे भाग होते. ते हानशिन विद्यापीठाच्या संग्रहालयाने १९९९ च्या शरदात सुरू केले. इथे कायद्याची एक गंमत आहे, गंमत म्हणजे दुखणेच. तिथल्या कायद्याने उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर असतो. मोठ्या कंपनीच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण इथे बांधकाम करणारे कोण? ती घरमालक कुटुंबेच. म्हणजे घर पाडलेले, भाडे चालू, कर्जाचे व्याज चालू, आणि त्यात इतिहासाचे बिलही त्यांच्याच नावावर.

आणि निघत काय होते? जेवढे खणावे तेवढे मोलाचे. एक मोठी इमारत निघाली, तिच्याभोवती कोळसा भरलेला चर, आणि आत इतकी स्वच्छ की वापरातल्या वस्तू जवळजवळ नाहीत. ती राज्याच्या पूजाविधीची जागा असावी असे अभ्यासकांनी ठरवले. शेजारच्या एका मोठ्या खड्ड्यात कितीतरी घोड्यांच्या डोक्यांची हाडे, मुद्दाम फोडून टाकलेली भांडी, आणि दोन भांड्यांवर कोरलेली चिनी अक्षरे. एकावर विहीर या अर्थाचे, दुसऱ्यावर अधिकाऱ्याचे पद सांगणारे. पूजाविधी, अक्षर, अधिकारी. दुय्यम किल्ल्याच्या मताला आता जागा उरली नाही.

पुरातत्त्वज्ञांचा आनंद जसजसा वाढत गेला तसतसा घरमालकांचा जीव टांगणीला लागला. साहजिक आहे. जमिनीतून मोलाची वस्तू निघणे म्हणजे घर एक महिना लांबणे. आणि खूप मोलाची निघाली तर घर कायमचेच जाणे. काम लांबत गेले, खर्चावरून वाद झाले. अखेर १३ मे २००० रोजी पुनर्बांधणी संघाच्या लोकांनी उत्खननाच्या जागेत यंत्र घातले आणि उघड्या पडलेल्या अवशेषांचा काही भाग उद्ध्वस्त केला. दीड हजार वर्षे पुरांनी जे राखले ते यंत्राच्या बादलीखाली थोड्या वेळात गेले.

देशभर संताप झाला. अडाणी लोक, लोभी लोक, असे शब्द वापरले गेले. आम्ही हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या अभ्यासवर्गात त्यावर दोन आठवडे चर्चा चालली. तरुण मंडळी म्हणाली, गुन्हा आहे, शिक्षा व्हावी. एक बाई म्हणाल्या, तुम्हाला भाड्याच्या खोलीत म्हाताऱ्या सासूला घेऊन दिवस काढायचे नाहीत, म्हणून बोलता. आमचे मत विचाराल तर यंत्र घालणे चूकच होते. त्या खड्ड्यात जे होते ते क्योंगदांगच्या घरमालकांचे एकट्यांचे नव्हते. टोपली वाहणाऱ्या ज्या माणसांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, त्यांचा असेल-नसेल तेवढा पुरावा अशाच थरात असतो, आणि एकदा कालवला की तो थर पुन्हा लागत नाही. मात्र त्या लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला होता काय? साऱ्या देशाला राजधानी हवी होती आणि तिची किंमत एका वसाहतीने मोजावी अशी व्यवस्था होती. अशा व्यवस्थेतून यंत्रच बाहेर पडणार. गेरो राजाच्या काळी कोटाची माती रयतेने वाहिली, आणि २००० साली त्याच कोटाच्या आतल्या वस्तीचे ओझे पुन्हा साध्या माणसांच्याच डोक्यावर दिले, असे आम्हाला वाटते.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते किम दे-जुंग. स्वतः तुरुंग भोगलेला आणि एकेकाळी फाशीची शिक्षा झालेला माणूस. प्रसंगानंतर तीन दिवसांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांनी या जागेच्या जतनाचा मार्ग काढण्यास सांगितले. त्याच महिन्यात क्योंगदांगची जागा राखण्याचा निर्णय झाला. सरकारने जमीन विकत घेतली आणि घरमालकांना मोबदला मिळाला. तिथे अपार्टमेंट झाली नाही. म्हणजे जे आधी करायला हवे होते ते यंत्र चालल्यावर झाले. पुढे छोट्या घरांच्या बाबतीत उत्खननाचा खर्च सरकारने उचलावा अशी तरतूदही त्या देशात झाली. हा खरा शहाणपणा. तो आणखी आधी सुचला असता तर बरे.

राखलेल्या त्या जागेत २००८ साली पुन्हा खणले. तेव्हा एक विहीर हाती आली. आतल्या चिखलात दोनशेहून अधिक भांडी एकावर एक रचलेली. आणि बहुतेक भांड्यांचे काठ मुद्दाम थोडे फोडलेले. पाणी भरताना हातून निसटलेली ही भांडी नव्हेत. विहीर बुजवताना किंवा तिच्यासाठी काही विधी करताना ती अर्पण केली असावीत. त्यात राजधानीबाहेरच्या दूरच्या प्रांतांतल्या घडणीचीही भांडी आहेत, म्हणजे दूरदूरची माणसे त्या विधीला आली असावीत. २००० साली तिथे तळघर झाले असते तर ही विहीर मातीच्या ट्रकमधून गेली असती.

या प्रकरणाचा शेवट गोड झाला असे मात्र समजू नका. आतल्या बाकीच्या वस्तीत हजारो लोक राहतच होते. जुना थर दोन मीटरखाली आहे म्हणून त्याहून खोल खणायला बंदी आली, उंचीवरही मर्यादा आल्या. नवे बांधता येत नाही म्हणून घरांना भाव नाही. सरकार थोडी थोडी घरे विकत घेते, तिथे मोकळ्या जागा पडतात, शेजार पातळ होतो, दुकानाचे गिऱ्हाईक तुटते. मोबदला अपुरा आहे, असे राहणारे म्हणतात. पश्चिमेकडे कोटाच्या रेषेवर काँक्रिटचा एक कारखाना होता. त्याची जमीन घेण्यावरून वर्षानुवर्षे खटला चालला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. ऑलिंपिक उद्यानात २०१२ साली बेकजेचे मोठे संग्रहालय उघडले. पुंगनापच्या कोटाचा जो छेद घेतला होता, त्याची मातीची पापुद्र्यासारखी सोलून काढलेली उभी भिंत तिथे शिरल्याबरोबर समोर येते. थरावर थर, पानांच्या काळ्या रेघांसकट. फोटोत पाहिली तरी माणूस गप्प होतो.

आता आपल्याकडचे. कोरियाचे ऐकून आम्हाला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. आपल्यातले बहुतेक जण नालासोपाऱ्याचा स्तूप पाहून आले आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला तेव्हा त्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत होते. आत दगडी पेटी, पेटीत करंडक आणि काशाच्या आठ बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याचाच. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला तो १९५६ साली, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच वर्षी. त्या सोपाऱ्याच्या चारी बाजूंना आज किती इमारती झाल्या ते लोकलमधून दिसतेच. स्तूप राखला गेला. पण स्तूप ज्यांनी बांधला ती व्यापारी, कारागीर, कोळी माणसे राहत कुठे होती? भिंत राखली आणि घर सोडले, हे पुंगनापचे दुखणे आपल्याकडेही आहे.

कायद्याचे थोडके सांगतो, कारण प्रश्न त्यावरूनच निघाला होता. आपल्याकडे प्रत्येक इमारतीआधी उत्खनन झालेच पाहिजे असा सर्वसाधारण नियम नाही. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. बाकी ठिकाणी जुना १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर मिळवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. दडवले तर शिक्षा आहे. दहा रुपये ही त्या काळची रक्कम. आजच्या हिशेबाने जवळजवळ काहीही त्यात बसते. शिवाय संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू राखणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे, आणि ५१ क मध्ये आपल्या संमिश्र वारशाचे मोल जाणून तो जपणे हे नागरिकांचे कर्तव्य सांगितले आहे. राज्याचे आणि आपले, दोघांचेही, हे ध्यानात घ्या.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. पुनर्विकासाच्या करारनाम्याचा मसुदा आपल्या समितीकडे येईल तेव्हा दोन गोष्टी वकिलाला विचाराव्यात. खणताना काही निघाले आणि काम थांबले, तर त्या काळातले भाडे बिल्डर देत राहील काय, आणि तपासणीचा खर्च रहिवाशांवर पडणार नाही असे लिहून मिळेल काय. हे आधी लिहून घेतले तर वस्तू दडवायची कुणाला गरज वाटणार नाही. आणि खड्ड्यात खापर, वीट, नाणे, कोरलेला दगड असे काही दिसलेच, तर ते उचलून घरी न आणता जागेवरच ठेवावे, फोटो काढावा, किती खोलीवर होते ते लिहून ठेवावे आणि विहारात येऊन सांगावे. अर्ज लिहायला अभ्यासवर्गाची मुले आहेत, दर रविवारी सकाळी वंदनेनंतर ती इथेच असतात.